हार्ट अटॅकनंतरच्या गोळ्या: एका पानावर तुलना कशी करावी

दादाला अटॅक आला तो २०२३ च्या ऑक्टोबरात, उसाला पाणी देत असताना. शेजारच्या मळ्यातल्या पोरांनी जीपमध्ये घालून त्याला कराडला आणलं. लगेच अँजिओप्लास्टी झाली, पुढच्या मुख्य नळीत स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी घरी सोडलं. दोन दिवसांनी संध्याकाळी वहिनींनी औषधांची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. "वन्सं, एवढ्या सगळ्या लागतात का हो? यातल्या खरंच महत्त्वाच्या कुठल्या?"

मी चोवीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे. हा प्रश्न काउंटरपलीकडून असंख्य वेळा ऐकलाय आणि दर वेळी एकच उत्तर दिलंय: डॉक्टरांनी लिहिलंय ना, सगळ्या घ्या. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कुठली गोळी कशासाठी, तिच्याऐवजी दुसरी का नाही, हे कळलं नाही की दोन-तीन महिन्यांत माणूस स्वतःच निवड करायला लागतो आणि नेमकी महागडी गोळी आधी सुटते. म्हणून त्या रात्री जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि दादाच्या सगळ्या औषधांचा हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगते आहे.

एक अट आधीच घालते. या पानावरून गोळी स्वतः बदलायची नाही, डोस कमी करायचा नाही, बंद तर अजिबात करायची नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी हे पान.

आधी माणूस, मग गोळ्या

पानाच्या डोक्यावर औषधं लिहू नका, पेशंटचे आकडे लिहा. दादाचे असे होते: वय ५८, वजन ५७ किलो, बीपी ११०/७०, साखर नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१, पोटॅशियम ४.४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२, पंपिंग (हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर फेकतं) ३८ टक्के. खाली आणखी दोन ओळी: पूर्वी अर्धांगवायू झालेला नाही; सहा वर्षांपूर्वी पोटात अल्सर होता.

हे सगळं डिस्चार्ज कार्डावर असतं, फक्त चार पानांत विखुरलेलं. पंपिंग इकोच्या रिपोर्टमध्ये 'एलव्हीईएफ' या नावाने सापडेल. ते सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण निम्म्या गोळ्यांची निवड त्या एका आकड्यावर फिरते.

मग खाली रकाने आखा. गोळीचं मूळ नाव, तिचं काम, त्याच कामाची दुसरी औषधं, हीच का दिली, किती दिवस, कुठली तपासणी आणि एका दिवसाचा खर्च. मूळ नाव म्हणजे पाकिटावर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं. तुलना त्याच नावांची होते. एकाच औषधाला डझनावारी ब्रँड असतात, आणि रंगीत वेष्टनाकडे बघून घरातली माणसं दोन सारख्या गोळ्यांना वेगळं समजतात.

आमच्या घरात हेच झालं होतं. दादा अटॅकच्या आधीपासून गावातून एक कॅप्सूल घेत होता. "ती बीपीची आहे," असं वहिनी म्हणाल्या. वाचली तर त्यात ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोर्व्हास्टॅटिन १०. नव्या कार्डावर ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ८० वेगळी होतीच. म्हणजे दोन दिवस तो दोन्ही औषधं दोन-दोनदा घेत होता, तीही अल्सरचा इतिहास असताना. पान भरायला बसले नसते तर मला, औषधविक्रेत्या बहिणीलाही, हे कळलं नसतं. घरातल्या जुन्या गोळ्या, चूर्णं, काढे, सगळं पानावर आणा.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या

आपण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो, पण रक्त पातळ वगैरे होत नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते चिकटणं या गोळ्या रोखतात. नवा स्टेंट म्हणजे शरीराच्या दृष्टीने परकी धातूची जाळी. त्यावर आतून अस्तर धरेपर्यंत गुठळीचा धोका मोठा. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी असते, सहसा वर्षभर.

ॲस्पिरिनबद्दल फार तुलना करावी लागत नाही. १९८८ साली 'आयसिस-२' नावाचा सतरा हजार रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अटॅकनंतरच्या पाच आठवड्यांत ॲस्पिरिन न घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण १२ जण हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने गेले, घेणाऱ्यांपैकी ९. इतक्या स्वस्त गोळीने एवढं केलं. ही गोळी सहसा कायमची असते.

खरी तुलना दुसऱ्या गोळीची आहे. तिथे तीन नावं येतात: क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर आणि प्रासुग्रेल.

क्लोपिडोग्रेल जुनं, स्वस्त, दिवसाला एक. ते पोटात गेल्यावर यकृतात बदलतं आणि मगच काम करतं. काही लोकांत हा बदल नीट होत नाही. त्याला कारण असणारी जनुकं आपल्याकडे, दक्षिण आशियात, बऱ्यापैकी आढळतात. पित्ताच्या ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्याही याच बदलात आड येतात, म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर बहुतेक डॉक्टर पँटोप्राझोल लिहितात. कुणी दुकानदार 'सगळं एकच' म्हणून पित्ताची गोळी बदलून देत असेल तर थांबवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांना सुरुवातीला सहसा क्लोपिडोग्रेलच दिलं जातं.

टिकाग्रेलोर जास्त जोरकस, दिवसातून दोनदा. २००९ च्या 'प्लेटो' प्रयोगात त्याची क्लोपिडोग्रेलशी समोरासमोर तुलना झाली, अठरा हजारांवर रुग्णांत. इथे आकडे कसे वाचायचे ते सांगते, कारण पुढे सगळीकडे हेच करायचं आहे. 'सोळा टक्के फायदा' असं कुणी म्हटलं तर त्यावर थांबू नका. शंभर माणसं डोळ्यांपुढे आणा. क्लोपिडोग्रेलवरच्या शंभरांपैकी वर्षभरात सुमारे १२ जणांना पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. टिकाग्रेलोरवर सुमारे १०. म्हणजे शंभरात दोन जण वाचले. उरलेल्या ९८ जणांना गोळी बदलून या बाबतीत फरक पडला नाही. आता दुसरी बाजू. बायपासशी संबंध नसलेला मोठा रक्तस्राव शंभरात ३.८ वरून ४.५ झाला, आणि दम लागल्याची तक्रार सुमारे ८ वरून १४ वर गेली. फायदा आणि किंमत अशी एकाच मापात शेजारी आली की निवड समजते.

प्रासुग्रेल दिवसाला एक, आणि तेही जोरकस. पण ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा मेंदूचा छोटा झटका येऊन गेलाय, त्यांना ते द्यायचं नाही. वय ७५ च्या वर किंवा वजन ६० किलोच्या खाली असेल तर रक्तस्राव वाढतो, म्हणून एक तर टाळतात किंवा १० ऐवजी ५ मिलिग्रॅम देतात. दादाचं वजन ५७, वर जुना अल्सर. त्याच्या पानावर प्रासुग्रेल तिथेच मागे पडलं. तुमच्या घरात ८० किलोचा, पन्नाशीचा, साखर असलेला माणूस असेल तर ते पहिलं येऊ शकतं. २०१९ च्या 'आयझार-रिॲक्ट ५' या प्रयोगात प्रासुग्रेल टिकाग्रेलोरपेक्षा सरस ठरलं: वर्षभरात मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात शंभरात ७ विरुद्ध ९.

दादाला टिकाग्रेलोर मिळालं. सहाव्या दिवशी त्याचा फोन, "अगं, नुसतं बसलोय तरी दम लागतोय बघ." आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. हा दम गोळीचा की हृदय कमजोर झाल्याचा, हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी छाती तपासली, ईसीजी आणि इको पुन्हा काढला, सगळं ठीक होतं. दोनेक आठवड्यांत तो दम आपोआप ओसरला.

पण वेगळीच गोष्ट उघड झाली. महिन्याभराने मी पाकिटं मोजली तर १४ गोळ्या जास्त उरलेल्या. दादा संध्याकाळची गोळी अधूनमधून सोडत होता. "महाग आहे, आणि सकाळची घेतोच की." टिकाग्रेलोरचा असर काही तासांत उतरायला लागतो, म्हणून तर ते दोनदा घ्यायचं असतं. कागदावर वरचढ असलेलं औषध अर्धं घेतलं तर स्टेंटसाठी धोका आहे. हे मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत. कोरियातल्या 'टालोस-एएमआय' या २०२१ च्या प्रयोगात पहिला महिना टिकाग्रेलोर देऊन नंतर क्लोपिडोग्रेलवर आणलेल्या रुग्णांचं चांगलं चाललं होतं, मुख्यतः रक्तस्राव कमी झाला होता, असं त्यांनी समजावलं. सहाव्या आठवड्यात दादाला क्लोपिडोग्रेलवर आणलं. हा बदल कधी आणि किती तासांनी करायचा, सुरुवातीला मोठा डोस लागतो का, हे त्यांनीच ठरवलं. पैशांची अडचण डॉक्टरांना सांगायला लाजू नका. तेही पानावरच्या आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

कोलेस्टेरॉलची गोळी

"माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता बंद करू का?" असं दुकानात मला रोज कुणीतरी विचारतं. नॉर्मल आलं ते गोळीमुळे. अटॅकनंतर नेहमीची 'नॉर्मल'ची रेघ लागू होत नाही, एलडीएल ५५ च्या खाली आणायचं असतं, निदान ७० च्या तरी.

ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४०, हे या 'स्टॅटिन' गोळ्यांचे जोरकस डोस. दोन्ही एलडीएल जवळपास निम्म्यावर आणतात. फरक माणसाप्रमाणे पडतो. मूत्रपिंड बरंच कमजोर असेल तर रोसुव्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवावा लागतो, ॲटोर्व्हास्टॅटिनला ती अडचण नाही. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी जास्त चढते, म्हणून आपल्याकडे ४० सहसा टाळतात. उलट ॲटोर्व्हास्टॅटिन क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर रक्तात साचतं. घसा बसला म्हणून कुणी हे अँटिबायोटिक दिलं तर आधी पान दाखवा. टिकाग्रेलोर चालू असताना तर ते चालतच नाही.

आकडा खाली येत नसेल तर काय, इथे एक उपयोगी हिशेब आहे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी सहा टक्केच उतरतं. त्याऐवजी इझेटिमाइब १० जोडलं तर वीस टक्क्यांच्या आसपास. दादाचं १४२ वरून सहा आठवड्यांत ७० आलं, इझेटिमाइब जोडल्यावर ५३. 'इम्प्रूव्ह-इट' प्रयोगात सात वर्षांत या जोडीने शंभरात दोघांचा त्रास वाचवला. फायदा लहान आहे, पण टिकणारा.

अंग दुखायला लागलं तर गोळी फेकू नका. दुखणं कुठे, कधीपासून ते लिहा, लघवी गडद होत असेल तर त्याच दिवशी दाखवा. डोस किंवा स्टॅटिन बदलून बहुतेकांचं निभतं.

पंपिंगवर ठरणाऱ्या गोळ्या

इथे पानाच्या डोक्यावरचा तो आकडा कामाला येतो.

बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल. हे ठोके सावकाश करतात, हृदयावरचा भार उतरवतात. पंपिंग ४० च्या खाली असेल तर वाद नाही, गोळी हवीच, आणि शक्यतो या तिघांपैकीच एक. मेटोप्रोलोल असेल तर 'सक्सिनेट' हा शब्द पाकिटावर बघा. कार्व्हेडिलोल बीपी जास्त उतरवतं, दम्याच्या माणसाला ते अडचणीचं. दादाचं बीपी आधीच ११०, म्हणून मेटोप्रोलोल सक्सिनेट २५ पासून सुरुवात.

पंपिंग चांगलं असेल, ५० च्या वर, तर चित्र गेल्या काही वर्षांत बदललंय. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या 'रिड्यूस-एएमआय' प्रयोगात अशा पाच हजार रुग्णांत बीटा ब्लॉकरने फरक पडला नाही. २०२५ मध्ये स्पेन-इटलीच्या 'रीबूट'नेही पंपिंग ४० च्या वर असलेल्यांत तेच सांगितलं. त्याच वर्षी डेन्मार्क-नॉर्वेच्या प्रयोगात मात्र थोडा फायदा दिसला, मुख्यतः दुसऱ्यांदा येणारे अटॅक कमी झाले. आणि आधीपासून चालू असलेली गोळी थांबवणं सुरक्षित आहे, हे फ्रान्समधल्या 'अबिस' प्रयोगात सिद्ध झालं नाही. म्हणून चांगल्या पंपिंगचा पेशंट असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: "यांना ही कशासाठी, आणि किती दिवस?" घरात अचानक थांबवू नका, ठोके उसळतात.

दुसरा गट रामिप्रिल वगैरेंचा. अटॅकनंतर हृदयाचा आकार पसरत जातो, ते या गोळ्या आवरतात. १९९३ च्या 'एअर' प्रयोगात अटॅकनंतर हृदय कमजोर झाल्याची लक्षणं असणाऱ्यांत सव्वा वर्षात मृत्यू शंभरात २३ वरून १७ वर आले. शंभरात सहा जीव. एवढा फरक फार थोड्या औषधांनी केलाय. त्रास म्हणजे कोरडा खोकला, आणि तो आपल्याकडे बऱ्याच जणांना होतो. लोक खोकल्याची बाटली पीत राहतात आणि कारण रोजच्या गोळीत असतं. तेव्हा व्हल्सार्टन किंवा टेल्मिसार्टनवर जाता येतं. 'व्हॅलियंट' प्रयोगात अटॅकनंतर व्हल्सार्टन जुन्या कॅप्टोप्रिलच्या तोडीस तोड ठरलं होतं. पण रामिप्रिलचा आणि व्हल्सार्टनचा, हे दोन्ही गट एकत्र घ्यायचे नाहीत, अपाय वाढतो.

सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही नवी, महाग गोळी अनेकांच्या कार्डावर येते. हृदय दीर्घकाळ कमजोर असेल तर तिचं मोल आहे. अटॅकनंतर लगेच रामिप्रिलशी तुलना केली तेव्हा, 'पॅराडाइज-एमआय' प्रयोगात २०२१ साली, ती ठोसपणे सरस ठरली नाही. हात आखडता असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. रामिप्रिलवरून तिच्यावर जाताना मध्ये ३६ तासांचं अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर चेहरा-घसा सुजण्याचा धोका असतो.

पंपिंग ४० किंवा कमी आणि सोबत दम किंवा साखर असेल तर एप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन येतं. स्पायरोनोलॅक्टोन स्वस्त, पण पुरुषांच्या छातीला गाठ-दुखरेपणा आणतं. एप्लेरेनोनमध्ये हे कमी. दोन्हीत पोटॅशियम वाढतं, रामिप्रिलबरोबर तर जास्तच. सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासा. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ बीपीसाठी चांगलं म्हणून आणतात, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. रोजचं नारळपाणीही डॉक्टरांना विचारून.

खर्चाचा रकाना

पाकिटाची किंमत बघू नका, दिवसाची काढा. टिकाग्रेलोरची चौदाची पट्टी सातच दिवस जाते, क्लोपिडोग्रेलची पंधराची पट्टी पंधरा दिवस. मग तेच मूळ नाव आणि तीच ताकद जनऔषधी केंद्रात काय दराने मिळते ते विचारा. ॲटोर्व्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, रामिप्रिल, मेटोप्रोलोल ही सगळी तिथे मिळतात आणि फरक मोठा असतो. मी स्वतः दुकान चालवते, तरी हे सांगते. फक्त दर महिन्याला ब्रँड बदलू नका. गोळीचा रंग बदलला की म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होतो आणि एक गोळी दोनदा पोटात जाते.

तीनचार औषधं एकत्र असलेली कॅप्सूल विसरभोळ्या माणसासाठी चांगली. तोटा असा की त्यातलं एकच थांबवायचं किंवा वाढवायचं झालं तर अख्खी कॅप्सूल बदलावी लागते. पहिले तीन महिने डोस बदलत असतात, तोवर सुट्या बऱ्या.

पानाच्या मागे लाल शाईने

गुडघे दुखले, दाढ दुखली तरी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. अटॅकचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आड येतं. पॅरासिटामॉल चालतं. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना हे पान दाखवा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. शौच डांबरासारखं काळं आलं तर त्याच दिवशी दवाखाना. टीबीची औषधं सुरू होणार असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, रिफाम्पिसिन यातल्या अनेक गोळ्यांचं गणित बदलतं.

छातीत पुन्हा कळ आली तर बसून घ्या, उभ्याने नाही, जिभेखालची गोळी ठेवा आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर जिभेखालची गोळी घ्यायची नाही, बीपी कोसळतं. हे पुरुष घरात बोलत नाहीत, म्हणून मी दुकानात त्यांना बाजूला घेऊन सांगते.

दादाचं वर्ष २०२४ च्या ऑक्टोबरात पूर्ण झालं. पान घेऊनच आम्ही गेलो. इको केला, पंपिंग ४६. डॉक्टरांनी पानावरून बोट फिरवत क्लोपिडोग्रेल थांबवलं, बाकी सगळं तसंच ठेवलं. दादाने स्वतः लाल पेनाने त्या ओळीवर रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि पान घडी करून पुन्हा बंडीच्या खिशात ठेवलं.